गाडी ओळखायची ती मागून

जळकोट हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. पूर्वी या रस्त्याला नऊ नंबरचा हायवे म्हणत, आता तो राष्ट्रीय महामार्ग ६५ झाला आहे. अशा हमरस्त्याच्या कडेला लहानाचा मोठा झालेला माणूस गाडीचं तोंड न बघताही गाडी सांगतो. रात्री पुढे निघून गेलेल्या ट्रकचे मागचे दिवे कसे बसवलेत त्यावरून तो टाटाचा की लेलँडचा हे त्याला कळतं. चढाला लागलेल्या एसटीचा आवाज वेगळा, कंटेनरचा वेगळा. पाटीकडे नजर गेली की एमएच-२५ म्हणजे आपल्या जिल्ह्याचं पासिंग, एमएच-१३ म्हणजे सोलापूरचं, हे मनात आपोआप उमटतं. गॅरेजातला मिस्त्री तर बॉनेट उघडायच्या आधीच टॅपेट वाजतंय की बेअरिंग, ते सांगून मोकळा होतो.

या नजरेला कोणी अभ्यास म्हणत नाही. पण जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या प्रदर्शनात उभं राहिल्यावर नेमकी हीच नजर लागते, आणि तिथे आलेल्या शंभरातले नव्वद लोक ती घरी ठेवून आलेले असतात. लाल, लांबोडकी, चकचकीत गाडी दिसली की गर्दी तिच्या तोंडाशी जमते. एक हात बॉनेटच्या दिशेने, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि फोटो निघतो. घरी आल्यावर कोणी विचारलं, “कुठली होती रे?” तर उत्तर येतं, “जॅग्वार होती बहुतेक.” कुठली जॅग्वार, कोणत्या सालची, मूळची की जुळवलेली, हे त्या फोटोतून सांगता येत नाही. गाडीचं तोंड सगळ्यात देखणं असतं, आणि सगळ्यात सहज बदलता येतं तेही तोंडच. खरी ओळख बहुतेक वेळा मागे, बाजूला आणि खाली असते.

जळकोटच्या या रस्त्याची दोन्ही टोकं मोटारींच्या इतिहासात नोंदलेली आहेत. पश्चिमेला सोलापूर. तिथे १८८२ मध्ये वालचंद हिराचंद जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन डॉज, प्लायमथ आणि मग इटालियन फियाट बाहेर पडू लागल्या. पूर्वेला हैदराबाद. १९४८ पर्यंत जळकोटचा मुलूखही निजामाच्याच राज्यात होता, आणि जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळालं होतं ते सातव्या निजामावरून, मीर उस्मान अली खान यांच्यावरून. निजामाच्या घराण्याची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट जुन्या मोटारींच्या जगात आजही प्रसिद्ध आहे. याच हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्यात २०१७ मध्ये कार्तिए काँकूर झालं. काँकूर म्हणजे जुन्या गाड्यांची अशी स्पर्धा, जिथे परीक्षक गाडीच्या सौंदर्याबरोबर तिचा अस्सलपणाही तपासतात. मुंबईत हॉर्निमन सर्कलपासून निघणाऱ्या व्हिंटेज मोटारींच्या फेऱ्या अनेकांनी पाहिल्या असतील. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात, गायकवाडांच्या अंगणात, जानेवारी २०२३ मध्ये ‘ट्वेंटीवन गन सॅल्यूट’ हे मोठं काँकूर भरलं होतं. मराठी माणसाला ही दुनिया वाटते तितकी लांबची नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवायला हवा. आपल्याकडे जुनी दिसली की गाडी ‘व्हिंटेज’ होते. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ हा शब्द मोजून वापरते. १९१९ ते १९३० या काळातली गाडी व्हिंटेज, १९३१ ते १९४५ मधली पोस्ट-व्हिंटेज. त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना सर्वसाधारण बोलण्यात क्लासिक म्हणतात. भारतातला कायदा मात्र वेगळं मोजमाप लावतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेलं आणि मूळ रूपात राखलेलं खासगी वाहन व्हिंटेज ठरतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं टिकते. पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही दोन अक्षरं येतात. ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच तिला रस्त्यावर आणता येतं. म्हणजे १९६५ ची स्पोर्ट्स कार कायद्याने व्हिंटेज, आणि संघटनेच्या हिशोबाने व्हिंटेज नव्हे. प्रदर्शनातला फलक वाचताना हे लक्षात ठेवावं.

आता खुद्द गाड्यांकडे वळू.

जॅग्वार ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. लांबच लांब बॉनेट, तेही मडगार्डांसकट एका तुकड्यात पुढच्या बाजूला उघडणारं. ही गाडी १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीन मालिकांत बनली. पहिल्या मालिकेच्या हेडलाइटांवर काचेचं आवरण असतं आणि तोंड लहान असतं. पुढे ही आवरणं गेली आणि दिवे उघडे झाले. तेव्हा सगळे समोरून बघतात: काच आहे, म्हणजे पहिली मालिका. इथेच फसगत होते. नंतरच्या गाड्यांवर काचेची आवरणं बसवून त्यांना पहिल्या मालिकेचा चेहरा देणारे मालक जगभर आहेत. म्हणून मागे जावं. पहिल्या मालिकेचे मागचे दिवे सडपातळ असतात आणि बंपरच्या वर बसतात. १९६८ नंतरच्या दुसऱ्या मालिकेत दिवे मोठे होऊन बंपरच्या खाली आले. हे बदलायचं तर मागच्या पत्र्याचं सगळं काम उकलावं लागतं, त्या वाटेला फारसं कोणी जात नाही. १९७१ ची तिसरी मालिका बाजूनेही कळते: चाकांवरची मडगार्डं बाहेर फुगलेली, तोंडात जाळी आणि आत १२ सिलिंडरचं, ५.३ लिटरचं इंजिन.

ई-टाइपच्या आधीची शर्यतीची जॅग्वार म्हणजे डी-टाइप. चालकाच्या डोक्यामागे माशाच्या परासारखा उभा पत्रा, आणि १९५५, ५६, ५७ अशी सलग तीन वर्षं ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत विजय. ही गाडी पुण्याच्या एका तरुणाच्या मनात भरली होती. सायरस पूनावाला यांनी विशीत असताना मित्राच्या साथीने डी-टाइपच्या धर्तीवर एक नमुना गाडी बांधली. पुढे उत्पादन करायचं तर भांडवल आवाक्याबाहेरचं, म्हणून तो नाद सोडला आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी केली. लशींच्या कारखान्याआधी पुण्यात एका स्पोर्ट्स कारचं स्वप्न पत्र्यावर ठोकलं गेलं होतं, ही गोष्ट पुणेकरांनी जपायला हवी.

ब्रिटिश एमजीच्या टी मालिकेत तर घरचे लोकही गोंधळतात. टीसी, टीडी, टीएफ तिन्ही पहिल्या नजरेत सारख्या: दोन माणसांची उघडी गाडी, उभट जाळी, मागे चपटी पेट्रोलची टाकी आणि तिला टेकलेली स्टेपनी. इथे चाकं बोलतात. १९४५ ते १९४९ मधल्या टीसीची चाकं १९ इंची, बारीक टायरची, सायकलसारख्या तारांची, आणि गाडीला बंपर नाही. १९५० ला आलेल्या टीडीची चाकं १५ इंचांवर आली, तारांच्या जागी पत्र्याची तबकडी आली आणि पुढेमागे बंपर लागले. १९५३ च्या टीएफचे हेडलाइट दांड्यावरून उतरून मडगार्डात शिरले. चाक, बंपर, दिवा या तीन गोष्टी नीट दिसतील असा एकच फोटो घेतला, तर दहा वर्षांनीही कोणी ती गाडी सांगू शकेल.

मर्सिडीजच्या दोन बहिणींचं कोडं अजून गोड आहे. ३०० एसएल म्हणजे वर उघडणाऱ्या, पंखांसारख्या दारांची १९५४ ची प्रसिद्ध गाडी. ती दारं हौसेने केलेली नाहीत. गाडीचा सांगाडा पातळ नळ्यांचा होता आणि मजबुतीसाठी त्या नळ्या दोन्ही बाजूंनी इतक्या उंच आल्या, की नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही. म्हणून दार छपराला टांगलं. अशा १,४०० गाड्या झाल्या. १९५७ पासून तिचं उघडं रूप आलं, त्याची दारं साधी. आणि १९५५ पासून १९० एसएल ही तिची धाकटी, स्वस्त बहीण विकली जात होतीच. उघड्या छपराच्या या दोघी शेजारी नसताना पाहिल्या तर चांगले जाणकारही अडखळतात. खूण बॉनेटवर आहे. थोरलीच्या बॉनेटवर दोन लांबट उंचवटे असतात, धाकटीच्या बॉनेटवर मधोमध एकच. शिवाय थोरलीच्या पुढच्या मडगार्डावर हवेसाठी कल्ल्यांसारखी खाच असते, धाकटीला ती नसते. हे उंचवटे समोरून उन्हात दिसतच नाहीत. तिरप्या प्रकाशात, बाजूने, थोडं वरून बघितलं की दिसतात.

आपल्या घरच्या गाड्याही या कामी येतात. ज्यांनी मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेरल्ड पाहिली आहे, त्यांना ब्रिटिश ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार ओळखीची वाटेल, कारण ती हेरल्डच्याच चेसीतून जन्मली आणि दोघींचा आराखडा मिकेलॉट्टी या इटालियन कलावंताचा. मुंबईत जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत, ती फुगीर नाकाची फियाट ११०० ज्यांना आठवते, त्यांना तिची पुढची दारं उलट्या बाजूने उघडत हेही आठवत असेल. डुक्कर फियाट, मग १९६४ ची डिलाइट, मग १९७० च्या दशकातली पद्मिनी, असा क्रम ज्या टॅक्सीवाल्यांना पाठ होता, त्यांनी तेच केलं जे परीक्षक काँकूरमध्ये करतात.

मराठी घराण्याशी जोडलेली सगळ्यात थोर स्पोर्ट्स कार कोणती, असं विचारलं तर उत्तर इंदूरला सापडतं. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे, जन्म १९०८, गादीवर १९२६ ते १९४८. त्यांच्या पत्नी संयोगिताराजे कागलच्या. या तरुण जोडप्याची मॅन रे या विख्यात छायाचित्रकाराने काढलेली छायाचित्रं आजही कलासंग्रहालयांत लावली जातात. त्यांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने सजवला. अशा नजरेच्या माणसाने १९३० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीकडून एसजे मॉडेलची चेसी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून तिच्यावर बॉडी चढवून घेतली. आठ सिलिंडर, जवळपास सात लिटरचं इंजिन, सुपरचार्जर, कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. रंग नारिंगी आणि काळा. एवढी लांब गाडी, आणि बसायला दोनच जागा.

ही गाडी पुढे भारताबाहेर गेली, पण ओळखीच्या शास्त्रात ती एक मोठा धडा देते. एसजेच्या बॉनेटच्या बाजूने चकचकीत, वाकवता येणाऱ्या धातूच्या जाड नळ्या बाहेर येतात. लोकांनी ठरवून टाकलं, की नळ्या दिसल्या म्हणजे सुपरचार्जर. पण त्या नळ्या इतक्या रुबाबदार होत्या, की सुपरचार्जर नसलेल्या साध्या मॉडेल जे गाड्यांवरही मालकांनी त्या बसवून घेतल्या. म्हणून फोटोत नळ्या दिसतात एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. चेसीचा आणि इंजिनाचा क्रमांक, आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारं यंत्र, तेवढंच पुराव्याला टिकतं. राजेरजवाड्यांच्या अशा मोटारींवर शारदा द्विवेदी आणि मानवेंद्रसिंह बडवानी यांनी २००३ मध्ये जो इंग्रजी ग्रंथ केला, त्यामागे जुन्या छायाचित्रांचं मोल मोठं आहे. गाड्या विकल्या गेल्या, रंगवल्या गेल्या, काहींचे सुटे भाग झाले. त्या काळी कोणीतरी मागून, बाजूने, पाटीसकट काढलेला फोटो राहिला.

जुळवलेल्या गाडीची गोष्ट यातूनच निघते. लग्नाच्या वरातीत ‘व्हिंटेज’ म्हणून भाड्याने येणाऱ्या अनेक गाड्यांची बॉडी नवी आणि चेसी जीपची असते. पाश्चात्त्य देशांत फोक्सवॅगन बीटलच्या चेसीवर फायबरची एमजी टीडी चढवण्याचा उद्योग मोठा होता. अशा गाडीच्या तोंडाकडे बघत बसलात तर फसाल. तिचं इंजिन मागे असतं आणि पुढचं लांब बॉनेट रिकामं. वाकून खाली बघावं, चाकाच्या नटांची संख्या मोजावी, दार लावल्यावरचा आवाज ऐकावा. पत्र्याला आणि फायबरला चुंबक वेगवेगळं उत्तर देतं, पण दुसऱ्याच्या गाडीला चुंबक लावायचं नाही. विचारायचं. मालकाशी चार शब्द नीट बोललं, की बहुतेक मालक स्वतःहून बॉनेट उघडतात, कारण त्यांनाही ऐकणारा माणूस हवा असतो.

फोटोची कला या ओळखीच्या मागून यायला हवी. पहिली चूक जवळ जाण्याची. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बराच रुंद बघतो. तो घेऊन गाडीला खेटलं की जवळचा दिवा फुगतो, बॉनेट आहे त्यापेक्षा लांब दिसतं आणि कडेचं चाक अंडाकृती होतं. अशा फोटोवरून प्रमाण कळत नाही. दहा-बारा पावलं मागे सरावं आणि दुप्पट झूम वापरावा. मोठा कॅमेरा असेल तर ५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स पुरते. गुडघ्यावर बसून कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणला, की गाडी जमिनीवर ठामपणे बसलेली दिसते. गर्दीचं काय करायचं? दार उघडल्यावरचा पहिला तास गाठायचा, दुसरा इलाज नाही. चकचकीत रंगात छायाचित्रकार स्वतःच उमटतो, म्हणून गडद कपडे बरे. पोलराइझर फिल्टरने काचेवरची आणि रंगावरची तिरपी चमक कमी होते. क्रोमच्या बंपरवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, तिथे उभं राहायची जागाच बदलावी लागते.

बंद मंडपात आणखी एक अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण शटर फार जलद ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात. सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की पट्टे जातात.

मग काय काय टिपायचं? आधी पूर्ण बाजू, दोन्ही चाकं सरळ दिसतील अशी. मग मागचा कोपरा. मग एक चाक, एक दिवा. दिव्याच्या काचेवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं: ब्रिटिश गाडीवर बहुधा लुकास, जर्मनवर बॉश, इटालियनवर कारेल्लो. ब्रिटिश गाडीवर बॉशची काच असेल तर ती बहुधा नंतर बदललेली, एवढं तरी कळतं. डॅशबोर्डवरच्या मीटरांचंही तसंच: स्मिथ्स, व्हीडीओ, व्हेग्लिया. टायरवरच्या तारखेला भुलू नये, ती टायरची असते. पाटीचा फोटो घ्यावा. भारतात सध्याची ‘एमएच’ आणि आकड्यांची पद्धत १९८९ नंतरची. तीन अक्षरं आणि पुढे आकडे अशी जुनी पाटी असेल तर गाडी त्याआधीच देशात नोंदलेली. चेसीचा क्रमांक मालकाच्या परवानगीनेच टिपावा, आणि तो चारचौघांत पसरवू नये, कारण त्याच्यावरून बनावट कागद उभे राहू शकतात. शेवटी तारीख, ठिकाण आणि मालकाने सांगितलेली हकिकत त्याच दिवशी लिहून ठेवावी.

लिहून ठेवलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण छायाचित्रणाच्या इतिहासातच आहे. जॅक-आँरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने शर्यतीत सुसाट जाणाऱ्या गाडीचा एक फोटो काढला. गाडीबरोबर कॅमेरा वळवत असताना त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट वरून खाली सरकत होती. त्यामुळे गाडीचं चाक एका बाजूला झुकलेलं, लंबगोल आलं आणि प्रेक्षक विरुद्ध बाजूला. वेगाचं यापेक्षा बोलकं चित्र क्वचितच असेल. हा फोटो वर्षानुवर्षं ‘डेलाज मोटार, १९१२’ अशा मथळ्याने छापला गेला. पुढे मोटारींच्या अभ्यासकांनी तपशील जुळवून दाखवलं, की ती गाडी डेलाज नव्हे, थिओडोर श्नायडर होती. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध मोटार-फोटोतली मोटारच इतकी वर्षं चुकीच्या नावाने ओळखली गेली.

आपल्याकडे असंच हरवायच्या बेतात असलेलं एक नाव आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार बनवली. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी. भारतीय कारखान्यातून स्पोर्ट्स कार म्हणूनच निघालेल्या मोजक्या गाड्यांत ती बसते. पुढे दिलीप छाब्रिया यांची अवंती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये गाजली, आणि टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हाला दाखवलेली रेसमो तर उत्पादनापर्यंत पोहोचलीच नाही. स्टॉर्म त्या दोघींच्या आधीची. कायद्याच्या ५० वर्षांच्या हिशोबाने ती व्हिंटेज व्हायला २०४८ च्या आसपासचं साल उजाडेल. तोवर किती उरतील, कोणाच्या इंजिनाच्या जागी दुसरंच इंजिन बसलेलं असेल, कोणाचे दिवे बदललेले असतील, हे आज काढलेल्या फोटोंवरूनच पुढे ठरवावं लागेल. गोव्याच्या रस्त्यावर, मुंबईच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात, कोणा गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली ती कोणाला दिसली, तर आधी मागे जावं, खाली वाकावं, दिवे, चाकं आणि पाटी टिपावी, आणि घरी परतण्याआधी तारीख लिहावी.